खाडीचा चिखल वाचताना

कोकणातल्या खाड्या म्हणजे समुद्राने गिळलेली नदीखोरी. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. बर्फ वितळलं, पाणी चढत खोऱ्यांत शिरलं आणि तिथे गाळ साचत गेला. तो गाळ तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यातून शिकलेलं हे थोडंसं.

१. नोंद जागेवरच करा. खाडीच्या तळात खुपसलेल्या नळीतून नुकता निघालेला चिखल निळसर करडा असतो, सडक्या अंड्यासारखा वास मारतो. वारा लागला की काही वेळात रंग पालटतो आणि वासही उडून जातो.

२. शिंपला सापडला म्हणून लगेच हुरळू नका. लाटा शिंपले कुठेही नेऊन टाकतात. तिसरीचे दोन्ही शिंपले जुळलेले मिळाले, तर ती बहुधा तिथेच जगली. वय काढायला मात्र त्याच थरातलं झाडाचं पान किंवा बी बरं. समुद्री शिंपल्याचं कार्बन-१४ वय काही शतकांनी जास्त येतं, ते दुरुस्त करावं लागतं.

३. आधी आजचं खाजण नीट पाहा. फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या काही जाती फक्त उधाणाचं पाणी पोचतं तिथे राहतात, काही कायम पाण्याखाली. आज कोण कुठे राहतं हे मोजलं, तरच जुन्या थरातली कवचं बोलू लागतात.

४. थराची खोली म्हणजे समुद्राची पातळी नव्हे. चिखल वरच्या भाराने दबतो, थर खाली जातो. शिवाय मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. जीव त्यात नेमका कुठे राहत होता, हे ठरल्याशिवाय आकडा लिहू नका.

५. समुद्र चढला की जमीन खचली, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा. १८७० च्या दशकात मुंबईत प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली खैराची झाडं सापडली, कित्येक मुळांवर उभी. खैर कोरड्या जमिनीवरचा, म्हणजे तिथे एके काळी रान होतं, हे नक्की. पण ते बुडालं कशामुळे, हे एकट्या झाडांवरून ठरत नाही. त्यासाठी किनाऱ्यावरच्या अनेक खोऱ्यांतले पुरावे शेजारी ठेवावे लागतात.

६. पुरावा जपा. पुलांच्या पायासाठी खाडीत बोअर मारतात. तपासणी झाली की त्यातला चिखल बहुतेकदा फेकला जातो. खाजणं भरावाखाली जात आहेत. समुद्र पुन्हा चढतो आहे, आणि मागे तो इथे किती वेगाने चढला होता हे त्याच चिखलात आहे. ते नमुने नोंदीसह जवळच्या भूशास्त्र विभागाकडे द्या, एवढीच कळकळीची विनंती.