पेट्रोल: कार्डावर की रोखीनं?

प्रश्न: मराठहळ्ळीहून इलेक्ट्रॉनिक सिटीला रोज मोटारीनं जातो. पेट्रोलला क्रेडिट कार्ड परवडतं का?

उत्तर: २,००० रुपयांच्या पेट्रोलवर साधारण एक टक्का, म्हणजे २० रुपये सरचार्ज लागतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, ३ रुपये ६० पैसे. पंपावर कोणी सांगत नाही, स्टेटमेंटमध्ये उगवतं! बऱ्याच बँका ठरावीक मर्यादेत सरचार्ज परत करतात, जीएसटी मात्र सहसा जातोच. शिवाय अनेक कार्डं इंधनावर पॉइंट देत नाहीत. तेल कंपनीसोबतचं कार्ड असेल तर गणित फिरतं. नसेल, तर खात्यातून सरळ यूपीआय करा. जादा काही लागत नाही आणि रोखीसारखा हिशेबही हरवत नाही. कार्डच वापरणार असाल तर मशीन खिडकीशी मागवा, पिन स्वतः दाबा.