उलट्या आट्यांची रिंग

प्रश्न : आजोबांची जुनी स्टीलची सायकल घरी पडून आहे. पुढे ४४ दाते, मागे १८. तिची फिक्स्ड गिअर सायकल करायची आहे. उद्यमनगरात ओळखीचे एक टर्नर आहेत. मागचं दातेरी चक्र, स्पेसर, लॉकरिंग असे छोटे भाग त्यांच्याकडून करून घेतले तर चालतील का? मित्र म्हणतो, फ्रीव्हीललाच वेल्डिंग मार, काम झालं.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वेल्डिंग अजिबात मारू नका. त्या उष्णतेने कडक केलेले दाते नरम पडतात, हे एक कारण. दुसरं कारण जास्त गंभीर आहे आणि तुमच्या बाकीच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

साध्या सायकलीत ओढ एकाच दिशेने असते. पायडल मारलं की चेन चाकाला पुढे ओढते, पाय थांबले की फ्रीव्हील टकटक करत मोकळं फिरतं. फिक्स्ड सायकलीत चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. वेग कमी करायला तुम्ही पायांनी रोखलंत की चेनचा खालचा पदर ताणला जातो आणि ओढ उलटते. त्यामुळे मागच्या चाकापासून क्रँकपर्यंतचा प्रत्येक आटा, प्रत्येक पिन दोन्ही बाजूंनी ओढली जाते. एखादा भाग घरच्या घरी करायचा की विकत आणायचा, हे ठरवताना आधी हे बघा : उलट्या ओढीचा भार त्याच्यावर येतो का?

आता हब. फ्रीव्हील ज्या आट्यांवर बसतं त्यांचा व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे, हे जुनं ब्रिटिश माप आहे. फिक्स्डचं चक्रही बहुधा याच मापाचं मिळतं. त्यामुळे ते तुमच्या हबवर व्यवस्थित चढेल आणि सगळं जमल्यासारखं वाटेल. पण हे आटे उजवे आहेत. पुढे पायडल मारताना चक्र आवळत जातं, मागे जोर दिला की सुटायला बघतं. उतारावर ते सुटलं तर पाय चाकाला रोखू शकणार नाहीत. वेल्डिंग मारलेलं फ्रीव्हीलही नेमकं असंच सुटतं.

खऱ्या ट्रॅक हबवर, म्हणजे फिक्स्डसाठीच बनवलेल्या हबवर, म्हणून दोन पायऱ्या असतात. आतल्या, मोठ्या पायरीवर उजव्या आट्यांनी चक्र बसतं. बाहेरची पायरी थोडी लहान, १.२९ इंचांची असते. तिच्यावर डाव्या, म्हणजे उलट्या आट्यांची लॉकरिंग बसते. चक्र सुटायच्या दिशेने वळू लागलं की ते रिंगला सोबत ओढतं. रिंगचे आटे उलटे असल्यामुळे त्याच ओढीने रिंग अधिक आवळते आणि चक्राला जागेवर दाबून धरते. जी ताकद चक्र सोडवायला बघते तीच त्याला कुलूप लावते. अख्ख्या सायकलीत मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

काही जण साध्या हबवर चक्रापुढे बॉटम ब्रॅकेटची रिंग आवळतात, कारण तिचंही माप १.३७ इंच, २४ आटे. पण तिचे आटे उजवेच असतात. चक्र फिरलं तर ती त्याच्यासोबतच सुटते. दोन्ही चाकांना चांगले ब्रेक असल्याशिवाय या जुगाडावर रस्त्यावर जाऊ नका. माझं मत विचाराल तर मागचा ट्रॅक हब, चक्र आणि लॉकरिंग एकाच मापाचं, विकतच घ्या. जुन्या इटालियन आणि फ्रेंच हबांचे आटे वेगळे असतात, तेव्हा दुसऱ्याची उरलेली रिंग हाताने दोन फेरे फिरली म्हणून स्पॅनरने दामटू नका.

टर्नरचं खरं काम स्पेसरमध्ये आहे. ट्रॅक हबची रुंदी दोन्ही लॉकनटांच्या बाहेरून १२० मि.मी. असते. तुमच्या फ्रेमच्या मागच्या चिमट्यातलं अंतर आधी व्हर्निअरने मोजा. अंतर जास्त असेल तर फरक स्पेसरने भरायचा. मग चेनलाइन बघायची : फ्रेमच्या मध्यापासून मागच्या चक्राचं आणि पुढच्या चक्राचं अंतर सारखं हवं. ट्रॅकवर ते ४२ मि.मी. धरतात. तुमच्या क्रँकवर वेगळं निघेल, हरकत नाही, मागे-पुढे जुळल्याशी कारण. स्पेसर एका बाजूचा दुसऱ्या बाजूला नेऊन चक्र आतबाहेर सरकवता येतं. त्यानंतर तारा आवळून रिम पुन्हा मध्यात आणावी लागते.

ट्रॅकच्या मागच्या एक्सलचा व्यास १० मि.मी. असतो, म्हणून स्पेसरचं बोअर १०.२ चालेल. धातू साधं स्टील किंवा स्टेनलेस. टर्नरना एक गोष्ट आवर्जून सांगा : जाडीपेक्षा दोन्ही तोंडं समांतर असणं महत्त्वाचं. जाडीत थोडा फरक पडला तर चाक तेवढंच सरकेल. तोंडं तिरकी निघाली तर नट आवळताना एक्सल वाकतो आणि हबचा कोन एका बाजूला छर्ऱ्यांवर घासतो. पार्टिंगनंतरचं तोंड बर काढून सोडून देऊ नका, तेही फेसिंग करून घ्या आणि मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजा.

चक्र करायचंच असेल तर एक चांगली वाट आहे, पण ती जुन्या फ्रेमसाठी नाही. डिस्क ब्रेकच्या हबवर सहा बोल्टांचं वर्तुळ ४४ मि.मी. व्यासाचं असतं. लेझरने कापलेलं चक्र तिथे सहा एम-५ बोल्टांनी बसवायचं आणि चाक उलटं लावायचं. आट्यांचा प्रश्नच मिटतो. मात्र त्यासाठी मागचा चिमटा १३५ मि.मी.चा लागतो आणि चेनलाइन ५२ मि.मी.च्या आसपास जाते.

तुमच्या क्रँकला कॉटर पिन असेल. तिच्याकडे नीट लक्ष द्या. साध्या सायकलीवर वर्षानुवर्षं चालणारी किंचित सैल पिन इथे दर उलट ओढीला टक् करेल आणि मऊ पिनचा सपाट भाग चेपत जाईल. नवी पिन घ्या, कानस लावून सपाट बाजू पूर्ण टेकेल अशी बसवा. दोन्ही पिना एकाच कोनात घासल्या नाहीत तर पायडल समोरासमोर येत नाहीत.

मागे १८ऐवजी १७ दाते घ्या. मागचं चाक पायांनी अडवून घसरवताना टायर ठरावीक जागीच झिजतो. ४४ला १८ हे प्रमाण सुटतं २२ला ९, म्हणजे एकच पाय पुढे ठेवून घसरवलं तर नऊ जागा. ४४ला १७ सुटत नाही, म्हणून सतरा जागा. ४८ला १६ घेणाऱ्याचा टायर एकाच ठिकाणी संपतो.

पुढचा ब्रेक काढू नका. कीरिनच्या जपानी शर्यतींत ब्रेक नसतात, पण त्या बंद ट्रॅकवर होतात.

चेन पूर्ण ताणू नका. क्रँक एक फेरा फिरवून सर्वांत घट्ट जागा शोधा आणि तिथेही चेन बोटाने किंचित हलली पाहिजे. पहिली फेरी मारून आलात की लॉकरिंग सोडा, चक्र चेन-व्हिपने पुन्हा आवळा, मग रिंग परत लावा. चढावर जोर दिला की चक्र आणखी थोडं आत जातं आणि रिंगसमोर फट पडते. ती फट भरेपर्यंत उतारावर जाऊ नका.