लोटाभर पाणी
शास्त्रपाठ : लूक ७:३६-५०

१९५५ च्या करारानंतर पोलाद कारखान्याच्या उभारणीसाठी सोव्हिएत अभियंते आमच्या भिलाईत येऊन राहिले. त्यांच्याकडे पाहुण्याचे स्वागत पाव व मीठ देऊन करण्याची जुनी रीत. छत्तीसगडच्या खेड्यात पाहुण्यापुढे प्रथम पाण्याचा लोटा येतो. परक्या मुलखात पाळलेली रीत डोळ्यांत भरते, टाळलेली मात्र लक्षात येत नाही. शास्त्र वाचताना आपणही असेच परदेशस्थ असतो. शिमोन परूश्याने प्रभूला भोजन दिले. परंतु पायांसाठी पाणी नाही, चुंबन नाही, मस्तकाला तेल नाही. लूक हे आरंभी सांगत नाही. प्रभूच्याच मुखातून ते कळते. भाषांतरात शब्द उतरतात. तो अपमान उतरतो काय? येथील श्रोत्याला पाण्याची उणीव तत्काळ बोचते. चुंबनाची बोचत नाही, आणि तेथे माझी लेखणी अद्याप अडते.