राणीची रुप्याची डबी

इराकच्या दक्षिण भागात ऊर नावाचे एक प्राचीन नगर होते. तेथे लिओनार्ड वूली या संशोधकाने १९२२ ते १९३४ या काळात उत्खनन केले. त्यात पुआबी राणीची कबर सापडली. राणीच्या मस्तकावर सोन्याच्या पानांचा साज होता, अंगावर रत्नांच्या माळा होत्या. या वैभवात प्रसाधने ठेवण्याची रुप्याची एक लहानशी डबीही होती. सुमारे ४५०० वर्षांपूर्वी घडविलेली ही डबी तळहातावर सहज मावेल एवढीच आहे.

तिचे झाकण मोठे प्रेक्षणीय आहे. सिंहाने बकऱ्यावर झडप घातली आहे, असे चित्र त्यावर शिंपल्यात कोरलेले आहे. भोवती निळ्याभोर लाजवर्दाची जमीन आहे.

आश्चर्य असे, की ऊरच्या परिसरात ना धातूची खाण होती, ना रत्नांची. तेथे होती ती केवळ नदीची गाळमाती! रुपे परमुलखातून येई. लाजवर्द तर अफगाणिस्तानातील बदख्शानच्या डोंगरांतून, २००० किलोमीटरांहून अधिक वाट तुडवीत येई. असा मोलाचा माल वाया घालविणे कारागिराला परवडणारे नव्हते.

रुपे ठोकले, की त्याचा पत्रा होतो. पण ठोकता ठोकता ते कठीण बनते. तसेच घाव घालीत राहिल्यास पत्र्याला तडा जातो. म्हणून तो विस्तवात तापवावा लागतो. तापला, की तो पुन्हा मऊ होतो आणि हातोडीला वश होतो. घाव कोठे थांबवावा हे ज्याला कळे, तोच खरा कारागीर! आजचा सोनारही याच रीतीने पत्रा घडवितो. पुढे जडावाचे काम येई. त्यासाठी खडे घासून एकमेकांस नेमके भिडवावे लागत. ऊरचे कारागीर ते बसविण्यासाठी जमिनीतून पाझरणारे डांबर वापरीत.

कबरीत मिळालेल्या मुद्रेवर पुआबीचे नाव कोरलेले होते. म्हणून आपण तिला नावाने ओळखतो. ज्याने डबी घडविली, त्याचे नाव मात्र कोठेही लिहिलेले नाही. राणीचे वैभव लयास गेले, नगर ओसाड पडले, युफ्रेटिस नदीनेही आपले पात्र बदलले. ते झाकण आज अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. त्यावरील प्रत्येक रेघ ही त्या अनामिक कारागिराची सहीच नव्हे काय?