कॉफी आधी की गोळी?

प्रश्न : आमचं घर कुंभकोणमचं, तंजावरी मराठी. मला रोज लोहाची व कॅल्शियमची गोळी आणि आठवड्यातून एकदा 'ड' जीवनसत्त्व सांगितलं आहे. सकाळच्या डिग्री कॉफीसोबत सगळं एकदम घेते, तेही निम्मे दिवस विसरते. सवय कशी लागेल?
– एक वाचक

उत्तर : ताई, आधी कॉफी आणि लोह वेगळं करा. कॉफीतले घटक लोह आतड्यात शोषू देत नाहीत, त्यात दूधही आलं. कॅल्शियमसुद्धा लोहाच्या आड येतं, म्हणून दोन्ही गोळ्या एकत्र नकोत. कॉफी सोडायला मी सांगणार नाही, कुंभकोणममध्ये तर नाहीच! लोहाची गोळी जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना लिंबूपाण्यासोबत घ्या. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर. 'ड' स्निग्ध पदार्थांत विरघळतं, म्हणून ते रविवारी तूपभातावर.

रोजच्या पक्क्या कामाला गोळी बांधली की ती लक्षात राहते. रात्री दार लावलं की गोळी, असं ठरवा. डबी उशाशी ठेवा, मात्र नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला कितीतरी जास्त. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही. तेव्हा चुकलात तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका.

लोहाने शौचाचा रंग काळपट होतो, त्याला घाबरू नका. पोट बिघडलं तर मात्र स्वतःहून गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगा.