ऐकू येतं, पण कळत नाही

कोळारला सुट्टीत घरी गेले की आजीची एक तक्रार ठरलेली असते. मिस्सा संपवून परत येताना म्हणणार, "फादरचा आवाज येतोय गं, पण काय म्हणाले ते कळंना." आम्ही पोरं हसायचो. यंदा तिची श्रवणचाचणी झाली आणि कळलं, की आजीचं हे वाक्य अगदी शास्त्रशुद्ध होतं.

पहिली चाचणी प्युअर टोन ऑडिओमेट्री. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसवतात आणि साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे एकेक स्वर हळूहळू बारीक करत ऐकवतात. ऐकू आला की बटण दाबायचं. त्यावरून जो आलेख निघतो तो ऑडिओग्राम. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. गंमत म्हणजे यातलं शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. तरुण, निरोगी कानाला जेमतेम ऐकू येईल इतका तो आवाज.

आजीची रेघ जाड स्वरांना ठीक होती, २००० हर्ट्झच्या पुढे मात्र घसरत गेलेली. इथे मला वर्गातलं व्याकरण आठवलं. बोलण्याचा जोर स्वरांत असतो आणि ते बहुतेक खालच्या पट्टीत असतात. अर्थ वेगळा करणारी स, श, त, क ही व्यंजनं मात्र बारीक आणि वरच्या पट्टीतली. म्हणून 'साप', 'ताप' आणि 'काप' आजीला सारखेच. 'आप' पोचतं, पुढचं अक्षर हरवतं.

मग कानामागच्या हाडावर एक छोटं कंपक लावून तेच स्वर पुन्हा तपासतात. हाडातून नीट आणि हेडफोनमधून कमी ऐकू आलं, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात: मळ, पाणी, पडद्याला भोक. दोन्हीकडून सारखंच कमी आलं, तर दोष आतल्या कानात किंवा नसेत. आजीचं दुसरं. टिम्पॅनोमेट्रीत कानातला हवेचा दाब कमीजास्त करून पडदा किती हलतो ते बघतात. ऐकणं त्यात मोजतच नाहीत.

खरा घोळ झाला शब्दांच्या चाचणीत. आधी दोन अक्षरी शब्द बारीक होत जातात. निम्मे शब्द बरोबर म्हणता येतील ती पातळी टिपतात. मग सोयीच्या आवाजात शब्द ऐकवून किती टक्के बरोबर आले ते काढतात. पहिल्या ठिकाणी हे शब्द कानडी होते. आजी कानडी बोलते, पण बाजारापुरती. निम्मेही जमले नाहीत. "यंत्राचा फारसा उपयोग नाही," असं सांगून घरी पाठवलं. पुढे दुसरीकडे मराठी शब्दांवर तपासलं तर आकडा बराच वर गेला. कान तेच होते! आमच्या सीमाभागात घरात मराठी, शाळेत कानडी, शेजारी दखनी. तिथे कोणत्या भाषेत तपासलं हे कागदावर लिहिलेलंच असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तान्ह्या बाळाला मात्र बटण कोण दाबायला सांगणार? त्याच्यासाठी ओएई. निरोगी आतला कान आवाज ऐकताना स्वतःही अगदी क्षीण आवाज परत पाठवतो, हे १९७८मध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवलं. तो टिपला की आतल्या केसपेशी चालू आहेत हे कळतं, नसेचं काही कळत नाही. नसेसाठी बेरा: डोक्याला इलेक्ट्रोड लावून, बहुधा बाळ झोपलेलं असताना, आवाजाला नस आणि मेंदूचा देठ कसा प्रतिसाद देतात ते पाहतात.

अपंगत्वाच्या दाखल्यालाही हेच आकडे लागतात. २०१६च्या कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबलची हानी म्हणजे बधिर, ६० ते ७० म्हणजे ऐकायला कमी येणारे. या विषयातल्या मोठ्या सरकारी संस्था दोन: म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्र्याची, १९८३मध्ये सुरू झालेली अली यावर जंग संस्था.

घरच्या म्हाताऱ्या माणसाला तपासायला नेणार असाल, तर आधी डॉक्टरांकडून कानातला मळ काढून घ्या आणि शब्द कोणत्या भाषेत देणार ते विचारा. आजीला आता यंत्र बसवलंय. परवा फोनवर म्हणाली, "फादर तेच तेच सांगतात गं. आता कळालं."