पोच गेटवेचीच हवी

टेंभुर्णीच्या शिवारात चरणाऱ्या शेळ्यांच्या गळ्यात सेन्सरचे पट्टे बांधले, तेव्हा मला काळजी अंतराची होती. पट्ट्याने शेळीची जागा आणि हालचाल टिपायची, नोंद शेजारच्या पट्ट्याकडे द्यायची आणि अशी हातोहात ती गोठ्यावरच्या गेटवेपर्यंत, म्हणजे नोंदी गोळा करणाऱ्या यंत्रापर्यंत, न्यायची, अशी योजना. उन्हाळ्यात मोकळ्या रानात ती बरी चाललीही.

पट्ट्यांतल्या तयार प्रणालीत प्रत्येक पट्टा एक ‘पालक’ निवडून सगळ्या नोंदी त्याच्याकडे सोपवत असे. २०१२ साली प्रमाणित झालेली आरपीएल ही नोंदींचा मार्ग ठरवण्याची पद्धत याच घाटाची. जाळे स्थिर वाटले की ती आपसांतली विचारपूस कमी करून बॅटरी वाचवते. खांबावरच्या मीटरला हे मानवते. पण शेळ्या पांगतात, पालक बांधापलीकडे जातो आणि बाकीच्यांना ते उशिरा कळते. त्यात पावसाळ्यात कपाशी-मका वाढली की ओली पाने रेडिओलहरी अडवतात.

गोठ्याजवळच रेंगाळणारी एक शेळी होती. तिचा पट्टा गेटवेला सतत दिसे, म्हणून बहुतेकांनी तिलाच पालक केले. अर्थातच तिची बॅटरी सर्वांत आधी संपली. शेजाऱ्यांना तिने ‘मिळाले’ अशी पोच दिलेली होती आणि ती मिळताच त्यांनी आपापल्या प्रती पुसल्या होत्या. तिच्याकडच्या नोंदी तात्पुरत्या स्मृतीत. वीज गेली तशा त्याही गेल्या. त्याच सुमारास एक शेळी आजाराने सुस्तावली होती. तिच्या पट्ट्याने ते टिपले होते, पण आमच्यापर्यंत पोचले नाही. ती शेळी वाचली नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, शेजाऱ्याच्या पोचेवर विसंबू नका. गेटवेची पोच येईपर्यंत मूळ पट्ट्याने आपली प्रत राखलीच पाहिजे, आणि तीही बॅटरी संपली तरी टिकणाऱ्या फ्लॅश स्मृतीत. प्रत्येक नोंदीला पट्ट्याचा क्रमांक आणि अनुक्रमांक द्या, म्हणजे दुबार आलेली ओळखू येते आणि हरवलेलीची जागा रिकामी दिसते. आमचे नुकसान आकड्यांतली ही खिंडारे पाहूनच उलगडले.

केनियात २००४ साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने झेब्र्यांना असेच पट्टे बांधले होते. तिथे ठरलेला रस्ता नव्हताच; दोन झेब्रे जवळ आले की पट्टे नोंदींची देवघेव करत. फिरत्या जनावरांना हीच रीत मानवते, फक्त प्रतींवर मर्यादा घाला, नाहीतर बॅटरी त्यातच संपते. आणि जागेवरचे सेन्सरही सोपे समजू नका: नेदरलँड्समधल्या बटाट्याच्या शेतात शंभरावर सेन्सर लावलेल्या एका प्रयोगात जेमतेम २ टक्के माहिती हाती आली होती.

माझे मत विचाराल तर शेळ्यांसाठी हातोहातीचा खटाटोप बहुतेक वेळा नकोच. त्या संध्याकाळी गोठ्यात येतात. दिवसभराच्या नोंदी तेव्हा उतरवून घ्या. तातडीचा इशारा तेवढा परवानामुक्त ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ लहरींवरून थेट गेटवेला पाठवा, आणि त्यासाठी अँटेना उंच बांधा.

तरीही कुणी हातोहात चालणारी प्रणाली विकायला आले, तर पैसे देण्याआधी त्याच्यासमोर एक चाचणी घ्या. मधल्या पट्ट्याने नोंद स्वीकारली की लगेच त्याची बॅटरी काढा. पहिल्या पट्ट्याची नोंद दुसऱ्या वाटेने गेटवेवर आली, तरच व्यवहार करा.